बॅच भरते, पण टिकत नाही: एका योगशिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी चिंचवडला राहते. योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिली, नोकरी सोडली आणि आमच्याच सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये सकाळी साडेसहाची बॅच सुरू केली. जानेवारीत आणि जूनमध्ये पंधरा-सोळा जणी येतात, दोन महिन्यांत सहा-सात उरतात. जवळच एक मोफत वर्ग चालतो. इन्स्टाग्रामवर रोज रील टाकते, त्यातून कुणी येत नाही. महिन्याची फी १,२०० वरून ८०० करावी का? की सरळ स्वतःची जागा घेऊन मोठं काहीतरी करावं?"

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात चांगली बातमी तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात. वर्षातून दोनदा पंधरा-सोळा जणी आपण होऊन येतात! कोथरूडमध्ये मी बॅच सुरू केली तेव्हा इतक्या जणी मिळायला बराच काळ गेला होता. माणसं मिळवणं ही तुमची अडचण नाही. आलेली माणसं का जातात, तेवढंच बघायचं आहे.

आधी फीचा विषय संपवू. सात जणी गुणिले १,२०० म्हणजे ८,४००. हॉलचं भाडं समजा ३,००० आहे, तर हातात ५,४००. फी ८०० केली की तेच ८,४०० जमायला अकरा जणी लागतील. त्या चार जादा बायका कुठून येणार? ज्या सोडून गेल्या त्या पहिल्या महिन्याचे १,२०० देऊन गेल्या, म्हणजे फी परवडत होती. उलट ज्या टिकल्या त्यांच्या मनात शंका येईल, की बाईंचं काही बरं चाललेलं दिसत नाही. आलेल्या सोळांपैकी बारा टिकल्या तर त्याच फीत १४,४०० होतात. फी आहे तिथेच राहू द्या.

मोफत वर्गाची भीतीही काढून टाका. आपल्याकडे फुकट योग शिकवण्याची मोठी परंपरा आहे आणि ती चांगली आहे. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, ठाण्याचं अंबिका योग कुटीर, अशा संस्थांतून स्वयंसेवकांनी कितीतरी लोकांना आसनं शिकवली. तिथे शिकून आलेली बाई तुमच्याकडे आली तर ती सगळ्यात चांगली विद्यार्थिनी ठरते, कारण सवय लागलेली असते. त्या वर्गाबद्दल चकार शब्द वाईट बोलू नका. एखादीला खरोखर फी जमत नसेल तर तुम्हीच तिला तिकडे पाठवा. पण साठ जणांच्या वर्गात शिक्षकाला कुणाच्या कमरेत चमक भरली आहे हे कळत नाही, आणि कळलं तरी थांबून बघायला वेळ नसतो. तुमच्याकडे लोक पैसे देतात ते त्या थांबून बघण्याचे. ते मिळालं नाही, तर मग फुकटचा वर्ग काय वाईट?

पैसे घेऊन योग शिकवताना काहींना अपराधी वाटतं, त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्यावर शिकवायला, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. वय अठरा, मराठी येत नाही. त्यांच्या स्वतःच्या संस्थेची, रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेची, वास्तू झाली १९७५ मध्ये. मधली अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरी जाऊन, कुठे मिळेल त्या जागेत वर्ग घेऊन काढली. स्वतंत्र योगशिक्षक म्हणजे आपल्या वेळेची नवी टूम नव्हे. त्यांच्या पद्धतीतून आपल्या धंद्याच्या कामाची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: खुर्ची, पट्टा, लोड, घोंगडी, भिंत, दोर यांच्या मदतीने बहुतेक माणसाला काही ना काही करता येतंच. वर्गात 'मला हे जमत नाही' म्हणून नुसती बसून राहणारी बाई पुढच्या सोमवारी येत नाही.

आता गळतीकडे. माझ्या अनुभवात माणूस सुटतो तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, आणि कारणं ठरलेली असतात. पहिल्या दिवशी उत्साहात जास्त केलं, तिसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या. शेजारच्या मॅटवरची तिशीतली मुलगी पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला लावते आणि आपला हात पोटरीशीच अडतो. पाहुणे आले, चार दिवस बुडाले, आता जायची लाज वाटते. किंवा वेळच चुकीची आहे.

त्या वेळेकडे नीट बघा. साडेसहा ही शिक्षकाच्या सोयीची वेळ आहे. ज्या घरात सात-सव्वासातला शाळेची बस येते आणि आठला नवऱ्याचा डबा जातो, त्या घरातली बाई साडेसहाच्या बॅचमध्ये शवासनात पडली तरी मन गॅसवर असतं. नोकरी करणाऱ्यांना पावणेसहा चालते. घर सांभाळणाऱ्यांना साडेनऊ-दहा, म्हणजे डबे गेले, कामवाली येऊन गेली की. ज्येष्ठांना संध्याकाळी पाच. गेल्या दोन वेळच्या गळतीतल्या ओळखीच्या चौघींना फोन करून एवढंच विचारा, की तुम्हाला कोणती वेळ जमली असती. परत या असं म्हणू नका, फक्त विचारा. माझा अंदाज आहे की दहाची एक बॅच तुमच्या सोसायटीत आधीच तयार आहे, फक्त सुरू झालेली नाही.

पहिला दिवस कसा जातो यावर पुढचं बरंच ठरतं. समजा बावन्न वर्षांच्या एक काकू आल्या. गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. त्यांना बॅचच्या दहा मिनिटं आधी बोलवा. फॉर्म त्यांच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका, तुम्ही विचारा आणि तुम्हीच लिहा: बीपी, शुगर, थायरॉईड, ऑपरेशन कोणतं आणि कधी, हर्निया, काचबिंदू, कमरेचा एमआरआय झाला असेल तर त्यात काय निघालं, रात्री झोप कशी लागते. मग त्यांना आधीच सांगून ठेवा, "आज दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या करणार आहात. सगळ्या वज्रासनात बसतील तेव्हा तुम्ही खुर्चीवर. कपालभाती सुरू होईल तेव्हा तुम्ही नुसता सावकाश श्वास घ्यायचा." हे आधी सांगितलं की वर्गात वेगळं करताना ओशाळवाणं वाटत नाही. उलट, बाईंनी माझ्यासाठी विचार करून ठेवला आहे असं वाटतं.

मॅट कुठे घालायची हेही तुम्हीच ठरवा. नवीन माणूस आपण होऊन शेवटच्या रांगेत कोपरा धरतो, तिथून त्याला काही दिसत नाही आणि तुम्हाला तो दिसत नाही. त्यांना दुसऱ्या रांगेत भिंतीलगत बसवा: पुढे बघायला कुणीतरी आहे, तोल गेला तर भिंत आहे. ताडासनात एकदा जवळ जाऊन नावाने हाक मारा, "मंगलकाकू, खांदे खाली सोडा." हात लावायचा असेल तर आधी विचारा. शवासनात हनुवटी वर गेलेली दिसली तर मानेखाली टॉवेलची घडी सरकवा, गुडघ्यांखाली लोड द्या. जाताना "कसं वाटलं?" विचारू नका, त्याला "छान" याशिवाय उत्तर नसतं. "उद्या उठल्यावर कुठे आखडलंय ते मला कळवा" असं सांगा. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला की तुम्हाला वर्गात काय बदलायचं ते समजतं, आणि मांड्या भरून आल्या तरी त्यांना ते अपेक्षितच असतं.

मग हजेरी. व्हॉट्सॲप ग्रुप सगळ्यांकडे असतो, हजेरीवही फार थोड्यांकडे असते. साधी लांब वही घ्या, रोज टिक करा, समोर जागा उरली तर दोन शब्द: "डावा खांदा", "सासूबाई आजारी", "आज सेतुबंध छान". सलग तीन वर्ग बुडाले की चौथ्या दिवशी फोन. मेसेज नको, फोन. आणि ग्रुपवर तर मुळीच नको. "अहो, तुम्ही दिसला नाहीत बरेच दिवस!" यात हजेरी घेतल्यासारखं वाटतं, समोरची कारणं सांगायला लागते. मी असं म्हणते: "काकू, सगळं बरं आहे ना? उद्या आपण हलकंच करणार आहोत, कमरेचं आणि श्वासाचं. या." आणि त्या आल्या तर उद्या खरंच हलकं घ्या. बुडालेल्या दिवसांचा उल्लेख करू नका, सगळ्यांसमोर "आल्या बाई एकदाच्या!" असा जयघोष तर नकोच. माझ्या बॅचमध्ये वर्षानुवर्षं असलेल्या बऱ्याच जणी कधी ना कधी अशा फोननंतर परत आलेल्या आहेत. हे काम कंटाळवाणं आहे, रोज दहा मिनिटं खातं, म्हणून फारसं कुणी करत नाही.

आपलं वर्ष कॅलेंडरच्या महिन्यांवर चालत नाही, हेही शिक्षकांच्या उशिरा लक्षात येतं. फेब्रुवारी-मार्चला परीक्षा, मे महिन्यात निम्मी बॅच गावाला, जूनच्या मध्यावर शाळा. गणपतीचे दिवस, नवरात्राचे उपास, दिवाळीचा फराळ, मग लग्नसराई. या प्रत्येक वेळी "सुट्टीनंतर भेटू" म्हटलंत की निम्म्या जणी भेटत नाहीत. मी गणपतीत वर्ग बंद ठेवत नाही, अर्ध्या तासाचा करते: थोडी खांदे-कमर मोकळी करायची आसनं, अनुलोम-विलोम, भ्रामरी. रोज मोदक वळणाऱ्या आणि पाहुण्यांसाठी उभ्या असणाऱ्या बाईला त्या दिवसांत पंधरा मिनिटांचं विपरीतकरणी (भिंतीला पाय टेकवून उताणं पडणं) मिळालं तर ती कायमची तुमची. मे महिन्यासाठी तीन महिन्यांची फी भरणाऱ्यांना दहा दिवस पुढे ढकलून द्या, पण एकदाच आणि आधी कळवलं तरच. नवीन बॅच शाळा सुरू झाल्यावर, दिवाळीनंतर आणि जानेवारीत, अशा तीनच वेळा उघडा. वाटेल तेव्हा नवीन माणूस वर्गात घेतलात तर तुम्ही वर्षभर ताडासनच शिकवत राहाल आणि जुन्या कंटाळून जातील. जुन्यांना दर तीन महिन्यांनी काहीतरी पुढचं दिसलं पाहिजे. मी सांगून टाकते, "या तिमाहीत आपण खांद्यांवर काम करणार", आणि तेच करते.

२१ जूनचा मोह आवरता घ्या. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस जाहीर केला आणि २०१५ पासून आपल्या सोसायट्यांत तो झेंडावंदनासारखा होतो: सतरंज्या, बॅनर, सेक्रेटरींचं भाषण, फोटो, पोहे. कार्यक्रम जरूर घ्या, आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम पाऊण तासात बसतो. पण त्या दिवशी हातात पुढचं काहीतरी हवं. येणाऱ्या सोमवारपासून चार आठवड्यांचा 'कमर आणि गुडघे' वर्ग, इतक्या वाजता, इतकी फी, बाराच जागा. नावं तिथल्या तिथे वहीत. बाईंचा क्लास छान असतो म्हणणारे शंभर निघतात, सोमवारी येणारे वहीत नाव लिहिलेलेच.

इन्स्टाग्रामबद्दल. रील बघणारी मुलगी दिल्लीत असेल, कानपूरमध्ये असेल, ती चिंचवडच्या क्लब हाऊसमध्ये कशी येणार? रोजचा तो तासभर दुसरीकडे घाला. गुगल मॅप्सवर तुमच्या भागाच्या नावासकट नोंद करा, बॅचच्या वेळा लिहा, जुन्यांना दोन ओळी अभिप्राय लिहायला सांगा, "गुडघ्याला फरक पडला" असं नेमकं. "योगा क्लास निअर मी" म्हणून शोधणारी व्यक्ती दोन किलोमीटरच्या आतली असते. फोटो टाकताना विचारून टाका. पुष्कळ बायकांना ट्रॅक पँटमधला आपला फोटो नणंदेने बघावा असं वाटत नसतं, आणि त्या ते तुम्हाला बोलून दाखवणार नाहीत, सरळ यायच्या बंद होतील.

त्याहून मोठा स्रोत म्हणजे तुमच्या भागातले फिजिओथेरपिस्ट, हाडांचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे जाताना मिठाईचा पुडा नको, एक पानभर मजकूर न्या: मी काय शिकवते, काय शिकवत नाही, बॅचमध्ये किती जण असतात. 'काय शिकवत नाही' हा भाग त्यांना विश्वासाचा वाटतो. बीपी आटोक्यात नसेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली असणारी आसनं नाहीत. गरोदरपणात कपालभाती आणि पोटावर झोपून करायची आसनं नाहीत. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून खोल पुढे वाकणं नाही. डॉक्टरांनी पाठवलेला पेशंट महिन्याने त्यांच्याकडे परत जाईल तेव्हा त्याच्या हाती चार ओळींची चिठ्ठी द्या. डॉक्टरांना अशी चिठ्ठी योगशिक्षकाकडून सहसा येत नाही, त्यामुळे ती लक्षात राहते. आणि 'शुगर मुळापासून बरी', 'थायरॉईडपासून मुक्ती' असले बॅनर कृपा करून लावू नका. गोळ्या कमी करायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील. कुणी तुमच्या भरवशावर गोळी सोडली आणि चक्कर येऊन पडलं, तर ती बातमी सोसायटीत संध्याकाळपर्यंत पोचते.

पर्सनल, म्हणजे घरी जाऊन शिकवणं, यावर तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण घर त्यावर चालतं. महिन्याला बारा वेळा, प्रत्येकी ५०० धरले तरी एका घरातून ६,००० येतात. दोन घरं एकाच सोसायटीत मिळाली तर जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, लांबचं घर जास्त पैशाला घेण्यापेक्षा जवळची दोन बरी. पर्सनलचा शत्रू एकच: "ताई, आज नको, पाहुणे आलेत." आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं तर वर्ग बदलून मिळेल, नंतर कळवलं तर तो झाला असं धरलं जाईल, हे पहिल्याच दिवशी लेखी पाठवा. पहिल्यांदा बोलायला जड जातं. एकदा पाळलंत की लोकही पाळतात.

फी घेण्याचंही तसंच. महिन्याच्या पाच तारखेपर्यंत, यूपीआयवर, आगाऊ. एकेकीला "फी राहिली आहे हं" म्हणत फिरलात तर तिसऱ्या महिन्यात तुम्हालाच शरम वाटायला लागते आणि मग बाकी साचते. तिमाही फीवर थोडी सवलत द्या, पण घासाघीस झाली तर एकीला दिलेला भाव सगळ्यांना कळतो हे धरून चाला. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात थोडी वाढ करा आणि दोन महिने आधी सांगा. तीन वर्षं गप्प बसून एकदम चारशे वाढवले तर लोक दुखावतात, आणि त्यांचं चूक नाही.

ऑनलाइनच्या मागे आत्ताच लागू नका, एक अपवाद सोडून: तुमच्या विद्यार्थिनींच्या परदेशातल्या मुली आणि सुना. सकाळी साडेसहाला न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात आठ. मुलं झोपवून करायला बरी वेळ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलतात तेव्हा आठवडाभर आधी मेसेज टाका, नाहीतर एक दिवस तुम्ही एकट्याच स्क्रीनसमोर बसाल. झूमची फुकटची मीटिंग ४० मिनिटांत तुटते, ती बरोब्बर शवासनात तुटते, तेव्हा पैसे भरून घ्या. सहाच्या वर माणसं घेऊ नका, छोट्या चौकटीत पाठीचा कणा दिसत नाही.

पिलाटेसची, म्हणजे पोट-कमरेच्या स्नायूंवर भर देणाऱ्या व्यायामप्रकाराची, विचारणा हल्ली होते. मॅटवरचं पिलाटेस रीतसर शिकून घेतलंत तर बाळंतपणानंतरच्या आणि कंबरदुखीच्या बायकांसाठी फार उपयोगी पडेल. पण नौकासनाला पिलाटेस म्हणून बोर्ड बदलणं नको. रिफॉर्मर नावाच्या यंत्राचा विचार तर भाड्याच्या क्लब हाऊसमध्ये करूच नका.

बारीकसारीक वाटेल, पण पावसाळ्यात मॅटना कुबट वास येतो आणि त्या वासावरून लोक क्लासबद्दल मत बनवतात. ज्याची मॅट त्याने आणावी, तुमच्याकडच्या चार पुसून, पंख्याखाली वाळवून मगच गुंडाळाव्यात. क्लब हाऊसच्या चाव्या वेळेवर देणाऱ्या वॉचमनला दिवाळी द्या.

राहिला स्वतःच्या जागेचा प्रश्न. आत्ता नको. दहाची बॅच सुरू होऊन दोन्ही बॅचमध्ये बारा-बारा जणी दोन तिमाही टिकल्या, आणि नाव नोंदवून थांबलेल्या पाच-सहा जणी वहीत असल्या, की बघा. तेव्हाही आधी एखाद्या शाळेचा किंवा नृत्यवर्गाचा रिकामा हॉल तासावर मिळतो का ते विचारा. घेतलीच जागा तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. फ्लॅटमध्ये असेल तर त्या सोसायटीची ना-हरकत लेखी घ्या, तोंडी 'चालेल हो' वर जाऊ नका, कमिटी दर काही वर्षांनी बदलते. डिपॉझिट आणि सहा महिन्यांचं भाडं बाजूला असल्याशिवाय सही करू नका, कारण पहिला मे महिना तुमच्या अंदाजापेक्षा रिकामा जाईल. दुकाने व आस्थापना कायद्याखाली, कामगार थोडेच असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली तरच, ती चिंता तूर्त बाजूला ठेवा. त्याआधी या आठवड्यात त्या चौघींना फोन करा, आणि दहाची वेळ निघाली तर क्लब हाऊससाठी सेक्रेटरींकडे अर्ज टाकून ठेवा, कारण कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच होते.